बडोद्याचा वेंकी आणि पेशीतला कारखाना

७ ऑक्टोबर २००९ रोजी स्टॉकहोमहून रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली आणि आपल्याकडे रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला गेला तो 'हा मनुष्य कुणाचा?' असा. त्याने काम काय केले, हा प्रश्न मागाहून आला. पुष्कळांच्या बाबतीत तो आलाच नाही. पारितोषिक तिघांत विभागून होते. अमेरिकेचे थॉमस स्टाइट्झ, इस्रायलच्या आदा योनाथ आणि केंब्रिजच्या प्रयोगशाळेतले वेंकटरामन रामकृष्णन. यातले तिसरे नाव आपले, एवढे कळल्यावर उत्साहाला भरते आले. जन्म तामिळनाडूतल्या चिदंबरमचा, म्हणून तामिळ लोक खूश. बालपण आणि पदवी बडोद्याची, म्हणून बडोदेकर खूश. नागरिकत्व अमेरिकेचे आणि काम इंग्लंडचे, याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. भारतातून इतकी अभिनंदनाची ई-पत्रे गेली की कामाची पत्रे शोधणे मुश्कील झाले, असे रामकृष्णन यांनी वैतागून सांगितले आणि राष्ट्रीयत्व हा जन्माचा एक अपघात आहे, असेही वर जोडले. त्यावर आपल्याकडे लोक रागावले. पुढे त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली, पण मूळ म्हणणे काही सोडले नाही.

आपण सीमाभागातली माणसे. 'कुणाचा' या प्रश्नाशी आपली ओळख जुनी आहे, आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्याची चैन आपल्याला परवडलेली नाही. म्हणूनच या गृहस्थाची हकिकत जरा सावकाशीने पाहावी असे वाटते. बडोद्याचा त्यांच्यावर हक्क आहे का? असला तर कशापोटी?

बडोदे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सयाजीराव महाराज उभे राहतात. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक जाऊन गादीवर बसतो, १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करतो, भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली अमेरिकेला धाडतो, ही कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तितकी ठाऊक नसते ती कलाभवनाची. १८९० साली बडोद्यात निघालेल्या या संस्थेत रंगकाम, यंत्रकाम, छायाचित्रण असे हाताचे शास्त्र शिकवीत. तिचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक, आणि शास्त्र देशी भाषेतून शिकवता येते यावर त्यांची श्रद्धा होती. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. तेव्हा बडोद्याला विज्ञानाची हवा काही १९५० नंतर लागली असे नव्हे. महाराज गेले १९३९ साली. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ साली उभे राहिले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्याच वर्षी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

पुढचे वर्ष महत्त्वाचे आहे ते १९५५. त्या वर्षी बडोदे आणि बेळगाव ही दोन्ही गावे एकाच मुंबई राज्यात होती. वर्षभरातच बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६० साली बडोदे गुजरातेत. १९५५ साली सी. व्ही. रामकृष्णन नावाचे तरुण तामिळ जीवरसायनशास्त्रज्ञ बडोद्याच्या विद्यापीठात नवा जीवरसायनशास्त्र विभाग उभारायला आले. बरोबर तीन वर्षांचा मुलगा. वडील अमेरिकेत विस्कॉन्सिनला संशोधन करून परतले होते. मागोमाग आईही तिकडे गेली होती, आणि मधल्या काळात मुलगा आजीआजोबांकडे वाढला होता. योगायोग असा की त्याच १९५५ साली जॉर्ज पॅलेड या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पेशीतल्या बारीक कणांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्या कणांना रायबोसोम हे नाव पडले. मुलगा बडोद्याच्या रस्त्यावर खेळू लागला तेव्हा त्याच्या आयुष्याचा विषयही असा नुकताच जन्माला आलेला होता.

जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग ही त्या काळी आपल्या देशात नवलाईच होती. आई राजलक्ष्मी मूळच्या मानसशास्त्राच्या; कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाची त्यांची डॉक्टरेट. बडोद्यात त्या पोषणाच्या अभ्यासाकडे वळल्या. गरीब घरातल्या मुलाला इथल्याच धान्य-कडधान्यांतून आणि भाजीपाल्यातून, परवडेल अशा खर्चात पुरेसा आहार कसा देता येईल, आणि उपासमारीने मेंदूचे काय होते, या त्यांच्या कामाचे महत्त्व नोबेलच्या झगमगाटात झाकले गेले. या लेखापुरता तरी त्यांचा उल्लेख ओझरता होऊ नये, म्हणून इथे थांबलो. नवराबायको दोघेही परदेशात शिकून परत आली आणि एका माजी संस्थानी गावात प्रयोगशाळा उभी करीत बसली. घरात येणारेजाणारे सारे संशोधक, बोलणे शास्त्राचे. धाकटी मुलगी ललिता पुढे डॉक्टर झाली आणि क्षयरोगाच्या जंतूवर संशोधन करणारी नामांकित शास्त्रज्ञ म्हणून केंब्रिजलाच पोहोचली. एका घरातली दोन मुले एवढी पुढे गेली, तर घरातल्या हवेला काही श्रेय द्यायलाच हवे.

वेंकी शिकला कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत. शाळा मुख्यतः मुलींची, मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे टी. सी. पटेल नावाचे गणित-विज्ञानाचे शिक्षक होते. आपल्याला विज्ञानाची गोडी त्यांनी लावली, असे रामकृष्णन यांनी आवर्जून लिहिले आहे. तामिळ घर, इंग्रजी शाळा, गुजराती बाजार आणि दांडिया बाजाराच्या आसपास मराठी वस्ती, अशा गावात हा मुलगा वाढत होता. आपल्याकडच्या मुलांना ही खिचडी समजावून सांगायला नको.

मग घडले ते आजच्या पालकांनी दोनदा वाचावे. मुलाने आय.आय.टी.ची प्रवेशपरीक्षा दिली, जमली नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची दिली, तीही नाही. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मात्र प्रवेश मिळाला. मध्यमवर्गीय घरात विषय इथेच संपतो. पण त्याच सुमारास त्याला राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी होती. डॉक्टरकी सोडून तो बी.एस्सी.ला भौतिकशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. बडोदे विद्यापीठाने नेमका तेव्हाच भौतिकीचा अभ्यासक्रम बदललेला होता. बर्कलीची नवी पाठ्यपुस्तके आणि फाइनमनची व्याख्याने, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तम विद्यापीठांत जे वाचत तेच, बडोद्यातली मुले वाचीत होती. एखाद्या प्रांतिक विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी जुन्या नोटा बाजूला ठेवून स्वतः पुन्हा विद्यार्थी व्हायचे ठरवले, याची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात येत नाही. १९७१ साली वेंकी पदवीधर झाला आणि एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेला गेला.

ओहायो विद्यापीठात त्याने भौतिकीत डॉक्टरेट केली, १९७६ साली. विषय सैद्धांतिक, आणि त्यात मन फारसे रमले नाही. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिक चाळताना त्याच्या ध्यानात येई की दर अंकात जीवशास्त्रात काहीतरी मोठे घडते आहे, आणि आपण मात्र अशा प्रश्नाशी झटतो आहोत ज्याचे उत्तर आले काय नि न आले काय सारखेच. मग पदरी पीएच.डी., लग्न झालेले, घरात मुले, अशा अवस्थेत हा मनुष्य कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला पुन्हा जीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पहिल्या वर्गात दाखल झाला! आपल्याकडे चाळिशीत नोकरी बदलणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. विद्वत्तेची शिडी अर्धी चढून खाली उतरायचे आणि दुसरी शिडी लावायची, याला निराळेच काळीज लागते.

पुन्हा मदतीला आले तेच मासिक. १९७६ साली डोनाल्ड एंगेलमन आणि पीटर मूर या येल विद्यापीठातल्या दोघांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने रायबोसोमचा अभ्यास कसा करतात यावर त्यात लेख लिहिला होता. १९७८ साली रामकृष्णन मूर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि रायबोसोमशी गाठ पडली ती कायमची.

आता हा रायबोसोम म्हणजे काय, ते सांगितलेच पाहिजे. आपल्या शरीरातले बहुतेक प्रत्येक काम प्रथिने करतात. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन, अन्न पचवणारी पाचकद्रव्ये प्रथिने, स्नायूंचे आकुंचन प्रथिनांचे. प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची माळ. वीस प्रकारचे मणी, आणि कोणत्या क्रमाने ओवायचे त्याचा मजकूर डीएनएत लिहिलेला. त्या मजकुराची नक्कल करून एक आरएनएची चिठ्ठी पाठवली जाते, आणि ती चिठ्ठी वाचून माळ ओवणारा कारखाना म्हणजे रायबोसोम. जिवाणूत तो एका सेकंदात वीसपर्यंत मणी ओवतो. आकार एवढा की एका मिलिमीटरवर चाळीस-पन्नास हजार रायबोसोम ओळीने मावतील. कारखान्याचे भाग दोन. लहान भाग चिठ्ठी वाचतो, मोठा भाग मणी जोडतो. जिवाणूच्या लहान भागात आरएनएचा एक लांबलचक धागा आणि एकवीस प्रथिने असतात.

येलमध्ये मूर आणि त्यांचे सहकारी लहान भागातल्या दोन-दोन प्रथिनांमधले अंतर न्यूट्रॉनने मोजत. एक जोडी झाली की दुसरी. चिकाटीचे काम; सगळ्या एकवीस प्रथिनांचा नकाशा पुरा व्हायला १९८७ साल उजाडले. नकाशा झाला, पण त्यात प्रथिने म्हणजे नुसते गोळे. यंत्रात कोणता भाग कुठे आहे ते कळले. यंत्र चालते कसे, ते कळेना.

दरम्यान रामकृष्णन नोकरी शोधत होते. पन्नासेक विद्यापीठांना अर्ज केले, मुलाखतीलासुद्धा कुणी बोलावले नाही. भौतिकीतला माणूस, जीवशास्त्रात उशिरा आलेला, वापरतो ती पद्धत आडवळणाची, आणि नावही उच्चारायला अवघड. शेवटी ओक रिज इथल्या सरकारी प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथे आपल्याला इतरांच्या प्रयोगांची उस्तवार करायला घेतले आहे, हे लवकरच कळले. १९८३ साली ते न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत गेले आणि बारा वर्षे तिथे राहिले. न्यूट्रॉनच्या वाटेने पुढे जाता येणार नाही, हे त्यांनी तिथे ओळखले. ज्या विद्येवर आपली रोजीरोटी चालते तिचा अंत जवळ आला आहे, हे स्वतःशी कबूल करणे फार थोड्यांना जमते.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९९१ साली, ते केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षभराची रजा घेऊन स्फटिकशास्त्र शिकायला गेले. हे तिसऱ्यांदा विद्यार्थी होणे. ही प्रयोगशाळा म्हणजे या विद्येची पंढरी. प्रथिनांची रचना क्ष-किरणांनी प्रथम उलगडली ती केंड्रू आणि पेरुट्झ यांनी, इथेच. विषाणूंच्या रचनेची परंपराही इथे नांदत होती. रोझलिंड फ्रँकलिन या बाईंनी डीएनएनंतर तंबाखूच्या पानावरच्या विषाणूची रचना हाती घेतली होती. १९५८ साली त्या अकाली गेल्या. त्यांचे सहकारी आरन क्लुग आणि जॉन फिंच ते काम घेऊन पुढे केंब्रिजला आले, आणि क्लुग यांना १९८२ सालचे नोबेल मिळाले. रामकृष्णन यांनी १९९३ साली हिस्टोन एच-५ या प्रथिनाच्या एका खंडाची रचना प्रसिद्ध केली, त्या निबंधावर याच फिंच यांचे नाव शेजारी आहे. आपल्याकडे गायकीचे घराणे जसे हातातून हातात येते, तसाच हा प्रकार. त्याआधी १९९२ साली स्टीफन व्हाइट यांच्यासह त्यांनी रायबोसोममधल्या एस-५ या प्रथिनाची रचना काढली होती. सुट्या भागांवर हात असा बसत गेला.

पण पुरा रायबोसोम? तो स्फटिकात बसवणे अशक्यच, असे बहुतेकांचे मत होते. आदा योनाथ यांनी १९८० साली मोठ्या भागाचे पहिले स्फटिक मिळवले तेव्हा लोक हसले. बाईंनी दाद दिली नाही. मृत समुद्राच्या खारट पाण्यातला सूक्ष्मजीव घेतला, क्ष-किरणांनी स्फटिक जळू नये म्हणून तो अतिशीत करून ठेवण्याची युक्ती वापरली, आणि वर्षानुवर्षे स्फटिक सुधारत नेले. रस्ता त्यांनी खोदला, यात वाद नाही. मात्र रस्त्याच्या टोकाशी पोहोचण्याची शर्यत नव्वदीच्या दशकात लागली. मोठ्या भागावर येलचे स्टाइट्झ आणि मूर. लहान भागावर एकीकडे योनाथ आणि दुसरीकडे रामकृष्णन, जे १९९५ साली युटा विद्यापीठात गेले होते.

स्फटिकातून क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांचे चित्र उमटते. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण लाटा कुठल्या टप्प्यावर होत्या ती माहिती हरवते, आणि तिच्यावाचून रचना निघत नाही. ती परत मिळवायला स्फटिकात ऑस्मियमसारख्या जड धातूचे अणू शिरवावे लागतात. रायबोसोम एवढा अवाढव्य की त्यात एकदोन अणू म्हणजे दर्यात खसखस. रामकृष्णन यांच्या भौतिकीचा उपयोग इथे झाला. क्ष-किरणांची तरंगलांबी नेमकी साधून त्या धातूचा आवाज बाकीच्या गोंगाटातून वेगळा ऐकायचा, हे गणित त्यांनी केंब्रिजच्या मुक्कामात घोटले होते. त्यांच्या गटात ब्रायन विंबर्ली, बिल क्लेमन्स यांच्यासारखे तरुण होते. उकळत्या झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूचा रायबोसोम त्यांनी घेतला. त्यातले एस-१ हे एक प्रथिन आधीच काढून टाकले की स्फटिक एकदम चांगले येतात, हेही त्यांच्या लक्षात आले. गव्हातला खडा निघावा तसे झाले.

१९९९ साली त्यांनी अमेरिकेतली प्राध्यापकी सोडून कमी पगारावर केंब्रिजला कायमचे जायचे ठरवले. कारण असे की जिथे दोन-चार वर्षे निकाल दिसला नाही तरी कुणी अनुदान अडवीत नाही, अशी ती जागा होती. त्याच वर्षी लहान भागाचे अंधुक चित्र प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २००० मध्ये स्टाइट्झ-मूर यांनी मोठ्या भागाची अणूअणूची रचना छापली, आणि सप्टेंबरात रामकृष्णन यांनी लहान भागाची. पन्नास हजारांहून अधिक अणूंच्या जागा. योनाथ यांचीही लहान भागाची रचना त्याच महिन्यात आली. या शर्यतीतली ईर्षा, परिषदांमधली टोचणी, कुणी कुणाचे किती दाखवले याचा हिशेब, हे सारे रामकृष्णन यांनी २०१८ सालच्या 'जीन मशीन' या पुस्तकात लिहिले आहे, आणि स्वतःची हावही लपवलेली नाही. थोर माणसांच्या आत्मकथनात हा गुण दुर्मीळ.

रचनेतून कळले काय? स्टाइट्झ-मूर यांना दिसले की मणी जोडण्याच्या जागी प्रथिन नाहीच, आहे तो आरएनए. प्रथिने बनवणारे यंत्र मुळात प्रथिनाचे नाही! रामकृष्णन यांना दिसले ते चिठ्ठीवाचन. तीन अक्षरांचा शब्द आणि तो ओळखणारा वाहक आरएनए जुळले की लहान भागातली तीन अक्षरे जागची हलतात आणि त्या जोडाला बोट लावून पाहतात, सोनाराने नथीचा फासा चाचपावा तशी. जोड खोटा असेल तर बोट नीट बसत नाही आणि मणी परत जातो. हजारो मण्यांत एखादीच चूक होते ती या चाचपणीमुळे.

दुसरी गोष्ट औषधांची. आपल्या वापरातली पुष्कळ प्रतिजैविके जिवाणूचा रायबोसोम बंद पाडूनच काम करतात. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. त्याआधी आपल्या भागातल्या क्षयाच्या रोग्याला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात नेत, आणि मोकळी हवा, दूधअंडी आणि परमेश्वर यांच्यावर भिस्त ठेवीत. सुई आली आणि माणसे बरी होऊन घरी येऊ लागली. पण ती सुई जंतूच्या नेमक्या कुठल्या जागी टोचते, हे डोळ्यांना दिसले ते २००० साली, रामकृष्णन यांच्या गटाने लहान भागात बसलेल्या स्ट्रेप्टोमायसिनची रचना काढली तेव्हा.

नोबेलनंतरचे मानसन्मान भराभर सांगून टाकतो. २०१० साली पद्मविभूषण, २०१२ साली 'सर', २०१५ ते २०२० रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद. न्यूटन ज्या खुर्चीत बसला तिच्यात बसणारा भारतात जन्मलेला हा पहिलाच. मधे २०१६ साली आपल्या विज्ञान काँग्रेसला त्यांनी सर्कस म्हटले आणि पुन्हा लोक दुखावले. सर्कशीवाल्यांनी रागवावे हे समजू शकते. बाकीच्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचून पाहावी.

विषाणूंकडे त्यांचे पाऊल वळले ते रायबोसोमच्याच वाटेने. विषाणूजवळ मजकूर असतो, आवरण असते, कारखाना मात्र नसतो. त्याला दुसऱ्याच्या पेशीतला रायबोसोम बळकवावा लागतो. रातकिड्यांना लुळे पाडणारा एक विषाणू आहे. पेशीच्या कारखान्यात चिठ्ठी चढवायची तर डझनावारी कारकून सहीशिक्क्याला लागतात. या विषाणूच्या आरएनएची घडीच अशी की ती वाहक आरएनएचे सोंग घेऊन एकाही कारकुनाला न विचारता थेट यंत्रात शिरते. २०१४ साली रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी हे सोंग रंगेहाथ पकडले. या वेळी स्फटिक नव्हतेच. गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हजारो चित्रे काढून रचना उभी केली होती. आयुष्यभर स्फटिकांमागे धावलेला माणूस साठीत चौथी विद्या शिकत होता.

२०२० साली करोनाचा विषाणू आला. त्याचे एक छोटे प्रथिन माणसाच्या रायबोसोमच्या लहान भागात, चिठ्ठी सरकते त्याच भोकात, बुचासारखे बसते आणि पेशीची स्वतःची कामे बंद पाडते, हे म्युनिक आणि झुरिकच्या गटांनी त्याच वर्षी दाखवले. बुचाची जागा ओळखता आली, कारण भोकाचा नकाशा वीस वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. पुण्यात तयार झालेली कोविशिल्ड लस आपण दंडावर घेतली तेव्हाही हाच कारखाना कामाला लागला होता. लशीतला मजकूर आपल्याच रायबोसोमनी वाचला आणि विषाणूच्या काट्याचे प्रथिन ओवून शरीराला त्याची ओळख करून दिली. त्या वर्षी रामकृष्णन रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून इंग्रज लोकांना मुखपट्टी बांधा म्हणून सांगत होते, आणि लोक कुरकुरत होते.

बडोद्याच्या हक्काचे म्हणाल, तर तो मला मान्य आहे, पण तो १९५५ ते १९७१ एवढ्या सोळा वर्षांचाच, आणि नोबेलवर नव्हे. नवा विभाग काढायला विद्यापीठाने एका परप्रांतीय जोडप्याला जागा दिली, पटेल सरांनी वर्गात गणित नीट शिकवले, भौतिकीच्या प्राध्यापकांनी नवी पुस्तके लावली. विद्यापीठ मराठी राजाच्या नावाचे, शहर गुजराती, विभागप्रमुख तामिळ, पुस्तके अमेरिकन. त्यातल्या कुणीही त्या मुलाला विचारले नव्हते, तू कुणाचा म्हणून.